काम जरा वर घे, बाई

अगं, आई सांगत होती, हल्ली धार काढून उठताना तुला गव्हाणीचा आधार घ्यावा लागतो आणि कुणी विचारलं की तू सगळं थंडीवर ढकलतेस. थंडीत दुखणं जास्त जाणवतं, खरं आहे. पण चैत्रातही तू पायरी एकेक करून उतरत होतीस, मी पाहिलंय. म्हणून आज जरा निवांत बस आणि ऐक. माझ्या हातांना संधिवात लागून बरीच वर्षं झाली, तरी गोठा माझ्याच ताब्यात आहे आणि पात धरली तर आजही मी बांधापर्यंत पोचते. तेव्हा "आता शेती सोड आणि बसून खा" असं सांगायला मी आलेले नाही. बसून खाणं आपल्यापैकी कुणाला परवडतं?

पहिलं म्हणजे 'वात आलाय' एवढ्यावर थांबू नकोस. आपल्याकडे गुडघा दुखला तरी वात, बोटं सुजली तरी वात, पायाचा अंगठा लाल झाला तरी वात. पण ही दुखणी वेगवेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगवेगळी. तुझं वर्णन ऐकून मला वाटतं ते असं : काम केलं की ठणकतं, पडलं की बरं वाटतं, सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडल्यासारखं होतं आणि चार पावलं चाललं की मोकळं होतं. असं असेल तर बहुतेक ती झीज. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा पातळ होते, कडेचं हाड वाढतं, भोवतालचे स्नायू ढिले पडतात. माझं तसं नाही. माझा आमवात, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड म्हणतात तो. त्यात सकाळी तास-तास मुठी वळत नाहीत, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सारखीच सुजतात, अंगात कसकस असते, न राबताही थकायला होतं. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटलेली असते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पटींनी जास्त होतो आणि बऱ्याचदा ऐन राबत्या वयात गाठतो. यात वेळ घालवून चालत नाही. पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून बरीचशी वाचतात. एकदा वाकडी झाली की कुठलीही गोळी त्यांना सरळ करत नाही. म्हणून गुडघ्याबरोबर तुझी बोटंही सकाळी सुजत असतील तर ती गोष्ट डॉक्टरांपुढे झाकू नकोस.

आणि एक शंका गोठा असलेल्या बाईने काढायलाच हवी. मागच्या खेपेला तुझी म्हैस गाभडली, तेव्हा तो गाभ आणि जार कुणी उचलला? उघड्या हातांनी तूच ना? जनावरांत ब्रुसेलोसिस नावाचा रोग असतो. त्याने गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडतं, जार अडकतो. तो जार, ते पाणी हाताच्या एखाद्या चिरेला लागलं किंवा अशा जनावराचं कच्चं दूध पोटात गेलं की तो रोग माणसाला होतो. येऊनजाऊन ताप, रात्री घामाने भिजणं, कंबर धरणं, गुडघे-खुबे दुखणं अशी त्याची लक्षणं. माणसं त्यालाही वात समजून शेकत बसतात. खरं तर रक्त तपासून तो कळतो, आणि जंतुनाशक औषधं सहा आठवडे तरी नेटाने घेतली तर बरा होतो. पण डॉक्टर विचारतील तेव्हाच सांगायचं असं करू नकोस. "माझ्याकडे जनावरं आहेत, म्हैस गाभडली होती" हे आपण होऊन सांग. यापुढे जार काढताना कोपरापर्यंतचे हातमोजे घाल, तो खोल खड्ड्यात चुन्यासकट पूर, कुत्र्यांपुढे टाकू नकोस. दूध उकळल्याशिवाय घरात कुणाला द्यायचं नाही, नातवंडाला धारोष्णही नाही. तुझ्या कालवडी आणि पारड्या चार ते आठ महिन्यांच्या असताना या रोगाची एक लस मिळते, जन्मात एकदाच. २०१९ पासून लाळ्या-खुरकुतासोबत हिचाही केंद्राच्या मोहिमेत समावेश आहे, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. लस जिवंत जंतूंची असते, म्हणून ती डॉक्टरांच्याच हातून टोचून घे.

चिकुनगुनियाचंही लक्षात ठेव. तो ताप आठवड्यात जातो, पण सांध्यांतलं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं. २००५-०६ च्या साथीनंतर आपल्याकडे किती बायका जिना चढताना कठडा धरायच्या, तुला आठवत असेल.

आता कामाचं बोलते, कारण माझ्या मते तुझ्या गुडघ्याचं खरं कारण तिथे आहे. जरा बघ, नांगरट ट्रॅक्टरवर गेली, मळणी मशीनवर गेली, फवारणीला बॅटरीचा पंप आला. राहिलं काय? भांगलण, शेंगा तोडणं, शेण, वैरण, धारा. बाईच्या वाट्याचं जवळजवळ प्रत्येक काम अजून जमिनीवर आहे आणि ते उकिडवं बसूनच होतं. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर सर्वांत जास्त दाब येतो, आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून काम करणाऱ्यांचे गुडघे लवकर झिजतात, हे जगभर तपासून झालेलं आहे. हे नशिबाचं नाही आणि वयाचंही सगळं नाही. म्हणून माझं तुला एकच सांगणं : काम जमिनीवरून उचल आणि तुझ्या उंचीला आण. जे वर आणता येत नाही, त्याच्याजवळ तू स्टुलावर बस.

धारेपासून सुरुवात कर. उकिडवं बसून गुडघ्यांत बादली धरायची ही सवय आपल्या आज्जीपासूनची. ती मोड. गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडं कमी, रुंद बुडाचं, घसरणार नाही असं लाकडी स्टूल सुताराकडून करून घे. बादली जमिनीवर ठेवायची, गुडघ्यांत दाबून धरायची नाही. हाताचंही बघ. अंगठा आत दुमडून सड ओढायची पद्धत सडालाही वाईट आणि अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यालाही. पूर्ण मुठीने पिळ. धारेआधी दोन मिनिटं हात कोमट पाण्यात बुडवून बोटं उघडमीट केलीस तर आखडलेपण सुटतं. कास धुवायला गरम पाणी नेतेसच, त्यातलंच थोडं आधी स्वतःसाठी.

तीन-चारपेक्षा जास्त जनावरं दुभती असतील तर धारेचं मशीन हा चैनीचा विषय राहत नाही. माझे हात आज शाबूत आहेत त्यात औषधाइतकाच मशीनचा वाटा आहे. म्हैस मात्र गाईसारखी पटकन ऐकत नाही. हाताची सवय असलेली म्हैस मशीन लावलं की पान्हा चोरते. तिला आधी नुसता आवाज ऐकवायचा, रोज त्याच वेळी, समोर पेंड ठेवून, अंगावरून हात फिरवत. मग एखाद्या दिवशी लावून बघायचं. घाई केलीस तर महिनाभर उभीच राहू देणार नाही. वीज जाते त्या दिवसासाठी घरात दुसऱ्या कुणाला तरी हाताने धार काढता आली पाहिजे. हे मुलाला शिकव. मुलीला तर येतच असेल.

शेण-वैरणीचंही तसंच. वाकून हाताने शेण ओढण्यापेक्षा लांब दांड्याचं खोरं घे, पाटी डोक्यावर घेण्यापेक्षा एकचाकी गाडा. दारातून उकिरड्यापर्यंत फरशीचे तुकडे टाकून गाड्याची वाट कर, नाहीतर पावसाळ्यात चाक रुतेल आणि तू पुन्हा पाटी उचलशील. जागा असेल तर मुक्त संचार गोठा खरंच विचार करण्यासारखा आहे. जनावरं मोकळी हिंडतात, पाणी स्वतः पितात, शेण रोजच्या रोज काढावं लागत नाही आणि दावं सोड-बांध करताना येणारे हिसके वाचतात. हे हिसके फार वाईट, एका झटक्यात मनगट सुजतं. कडबा कुट्टीचं मशीन आणि मुरघास ही दोन्ही कामं पुरुषांची समजतात. पण विळ्याने वैरण तोडून हात कुणाचे दुखतात?

दुधाची वीस लिटरची किटली एका हाताने उचलू नकोस. दहा-दहाच्या दोन कर, दोन्ही हातांत सारखं वजन. पिशवी, बादली बोटांच्या टोकांवर लटकवण्यापेक्षा कोपराजवळ, अंगाला धरून घे. लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्यायचं, हा हातांच्या दुखण्यातला मोठा नियम.

शेतात काय करायचं? भांगलण सगळी टळणार नाही, पण अर्धी तरी टळते. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपं चालवलं की उभ्याने काम होतं, आणि जोर मनगटाचा नाही, अंगाचा लागतो. ओळीच्या मधलं तण त्याने काढ, रोपाजवळचं तेवढं खुरप्यासाठी ठेव. आणि वापसा बघून जा. वाळून घट्ट झालेल्या रानात एकेका हरळीसाठी जेवढा हिसका द्यावा लागतो, तो वापशावर चौथाईही लागत नाही. उसाचं पाचट पेटवू नका, सरीत आच्छादन म्हणून पसरा. ओल टिकते, तण दबतं, म्हणजे भांगलणीचे दिवस कमी. खुरप्याची बारीक मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबने गुंडाळून जाड कर. जाड मूठ धरायला बोटांना कमी आवळावं लागतं. विळा धारदार हवा. दातेरी 'वैभव' विळा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला आहे, वजनाला हलका, आणि झटका न मारता ओढून कापतो. परभणीच्या विद्यापीठात बायकांच्या कामाचे कष्ट कमी करण्यावर गृहविज्ञानाच्या मंडळींनी पुष्कळ काम केलंय. तुझ्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन अशी अवजारं हातात धरून बघ, न बघता मागवू नकोस.

पैऱ्याच्या कामाचं तुला अवघड वाटतं, मला माहीत आहे. सगळ्याजणी पात धरून पुढे जातात आणि आपण मागे राहिलो की जीव चोरतेय असं वाटतं. मी आमच्या बायकांना सरळ सांगून टाकलं, मला खाली बसायचं काम देऊ नका, उभ्याचं कुठलंही द्या. शेंगा वाहणं नको, पण ताडपत्रीवर वाळवणं, माप घेणं, पोती शिवणं मी करते. कुणी नाक मुरडलं नाही. उलट दोघी-तिघी हळूच म्हणाल्या, आमचंही तसंच आहे. घरात, शेतात आपण बोलत नाही म्हणून प्रत्येकीला वाटतं हे आपल्या एकटीचं.

खाली बसूनच काम आलं तर अर्ध्या तासाने उठायचं. बांधापर्यंत चालून यायचं आणि मग परत बसायचं. हट्टाने सगळी पात एका बैठकीत संपवलीस तर दुसरे दोन दिवस वाया जातात. वायाही जात नाहीत म्हणा, तू तशीच फरफटत काम करतेस.

"दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला?" हे तू म्हणणार. मीही फिजिओथेरपीच्या बाईंना हेच विचारलं होतं. त्यांचं म्हणणं असं की शेतातलं काम त्याच त्या हालचाली हजारदा करायला लावतं आणि दुखऱ्या पायाला आपण नकळत वाचवतो, त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू वाळत जातो. तोच तर गुडघ्याला धरून ठेवतो. खाटेवर पाय सरळ ठेव, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल घे, गुडघ्याने तो खाली दाब, पाच आकडे मोज, सोड. मग खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करून धर. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ, धार झाली की. दोन-तीन महिने नेटाने केलंस तर फरक कळेल, आठवड्यात नाही. पहिले काही दिवस थोडं जास्त दुखेल, त्याने घाबरू नकोस. सूज आली तर मात्र थांब आणि विचार.

वजनाचं बोलले तर रागावू नकोस. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरलं तर बघ, प्रत्येक पावलाला वीस. त्यासाठी उपाशी राहायचं नाही. दिवसाकाठी साखर घातलेला चहा किती वेळा होतो ते आधी पाहा, आणि शिळ्या भाताऐवजी वाटीभर मटकी किंवा डाळ जास्त घे. गोठ्यातलं दूध सगळं डेअरीला घालून आपण काळा चहा पिणाऱ्या बायका आहोत. एक पेला घरात ठेव, तो तुझा.

आता गोळ्या. इथे मला तुझी खरी काळजी वाटते. मेडिकलमधून दोन सुट्या गोळ्या आणायच्या, उपाशीपोटी घ्यायच्या आणि उन्हात रानात जायचं, हे बंद कर. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाने पोटात जखम होते, रक्तदाब चढतो, आणि घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी मूत्रपिंडावर घाव घालते. आपल्या लहानपणी मेलेल्या जनावरावर गिधाडं उतरायची, आठवतं? ती नाहीशी झाली ती याच औषधाने. जनावराला टोचलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडाइतकं नाजूक नाही, पण रोज वर्षानुवर्षं घ्यायची ही वस्तू नव्हे. त्याच औषधाचा मलम गुडघ्याला, बोटांना चोळला तर रक्तात फार थोडं जातं, आणि झिजेच्या दुखण्यात तो उपयोगीही पडतो. डॉक्टरांना त्याबद्दल विचार.

बाजारात पुड्या विकणारे येतात, "जडीबुटी, साइड इफेक्ट नाही" म्हणतात. दोन दिवसांत उड्या मारायला लावणाऱ्या पुडीत बहुतेकदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. तोंड गोल सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कुणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल तर तिने ती एकदम फेकूनही देऊ नये, जिवावर बेततं. डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडवायची.

आमवात निघालाच तर मिथोट्रेक्सेट बहुधा देतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर विषासारखी. मी ती आमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी घेते, म्हणजे चुकत नाही. सोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरल्या वेळी रक्ताची तपासणी. मूल हवं असलेल्या पोरींनी ती घेण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. या औषधाने प्रतिकारशक्ती थोडी दबते, म्हणून गोठ्यात हातमोजे, बूट आणि जखमेला पट्टी यांत मी कधी हयगय करत नाही.

घरच्यांशी बोलायचं राहतंय. तू भाऊजींना काय सांगतेस? "थोडं दुखतंय." मग त्यांनी तरी काय समजायचं? त्यांना स्पष्ट सांग, मशीन घेतलं तर मी गोठा आणखी पंधरा वर्षं सांभाळीन, नाही घेतलं तर जनावरं विकावी लागतील. हा हिशेब त्यांना कळतो. यांत्रिकीकरणाच्या अभियानात कडबा कुट्टीसारख्या यंत्रांसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून अर्ज करता येतो. महिला, अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान, ठरलेल्या मर्यादेत. पण अर्जाला सातबारा लागतो, आणि तुझं नाव सातबाऱ्यावर कुठे आहे? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, तेव्हा पुष्कळांना ती मानाची गोष्ट वाटली. मला ती गुडघ्यांचीही वाटते. कुठलं अवजार घरात यायचं हे ज्याच्या नावावर रान असतं तो ठरवतो, आणि खाली बसणारी वेगळीच असते. सामाईक नावासाठी तलाठ्याकडे जायचं या वर्षीच मनावर घ्या.

घरात एक कमोड किंवा कमोडची खुर्ची बसवून घे. सासूबाईंसाठी म्हणून बसव, म्हणजे कुणी बोलणार नाही, आणि दोघी वापरा.

सोयाबीन काढणीला लागायच्या आत तपासणी उरकून घ्यायची. एकदा काढणी सुरू झाली की तू दिवाळीशिवाय हलणार नाहीस. दुधाचं बिल आलं की दुसऱ्या दिवशीच जा. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाल, मेडिकलवाल्याने दिलेल्यासुद्धा. सकाळी किती वेळ आखडतं ते आजपासून घड्याळ बघून कॅलेंडरवर लिही. हात सुजले तर मोबाइलवर फोटो काढून ठेव, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत सूज उतरलेली असते. गोठ्याची काळजी करू नकोस, आदल्या संध्याकाळीच मी येते. माझ्याकडचं धारेचं मशीन धुऊनपुसून टेम्पोत टाकून आणते. तू दवाखान्यातून येईपर्यंत त्या तुझ्या हट्टी म्हशीला निदान आवाजाची तरी ओळख होईल.